ओवळ्या हाताचं विरजण

तो शब्द मी सुचवला. नंतर पुष्कळांनी सारवासारव केली, समितीने ठरवलं, परदेशी खरेदीदारांचा आग्रह होता, वगैरे. पण शब्द माझा.

पुण्याच्या आमच्या प्रमाणीकरण संस्थेत तेव्हा 'मागोवा' हे यंत्र नवीन आलं होतं आणि त्याच्या पडद्यावरचं सगळं मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. मी तपासनीस. सेंद्रिय माल खरोखर सेंद्रिय आहे का, हे बघत गावोगाव फिरण्यात माझी बावीस वर्षं गेलेली. भाषांतर हे माझं काम नव्हे, पण कचेरीत मराठी नीट लिहिणारा मीच उरलो होतो, त्यामुळे गळ्यात पडलं. अन्नाला हात लावायला योग्य असलेल्या माणसासाठी मी 'हाताळणीस पात्र' असं लिहिलं आणि नसलेल्यासाठी 'हाताळणीस अपात्र'. बंगळूरहून आलेला वेंकटेश नावाचा प्रोग्रामर म्हणाला, "सर, इथे आठच अक्षरांची जागा आहे."

जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड. मी हसत म्हणालो, "मग सोवळे आणि ओवळे टाक."

त्याने अर्थ विचारला. मी सांगितला. पूजेच्या, स्वयंपाकाच्या आधी शुद्ध होऊन बसलेलं माणूस सोवळ्यात, बाकीचे ओवळे. त्याने टाइप केलं. आमच्या संचालक सबनीस मॅडमनी संध्याकाळी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "झकास. खेड्यात कुणाला काही शिकवावंच लागणार नाही." मी दोन दिवस खुशीत होतो. सांगायला लाज वाटते, पण होतो.

मागोवा काय करतो ते सांगायला हवं.

पूर्वी आमची तपासणी म्हणजे कागद. शेतकऱ्याची नोंदवही, शेताचा नकाशा, वर्षातून एकदा मातीचा नमुना. कागदावर कोणीही शहाणा असतो. मागोवा कागद बघत नाही. दह्याचा, पिठाचा, रसाचा थेंब त्याच्या तोंडात सोडला की तो दोन गोष्टी वाचतो. एक, फवारणीच्या औषधांचे अंश, विहिरीत चिमूट टाकली तरी सापडतील इतके बारीक. दुसरी, जिवाणू. प्रत्येक शेताच्या, प्रत्येक गोठ्याच्या, प्रत्येक माणसाच्या कातडीवर जिवाणूंची आपापली वस्ती असते आणि जिथे स्पर्श होतो तिथे त्यातले काही मागे राहतात. त्या सगळ्यांची जनुकं एकदम वाचून यंत्र उलटं चालत जातं. दह्यावरून म्हशीकडे, म्हशीवरून वैरणीकडे, वैरणीवरून बांधाकडे. आणि हातांकडे. फवारणी करणाऱ्या माणसाच्या कातडीवरचे जिवाणू त्या औषधाला सरावतात, बदलतात. तो बदल साबणाने जात नाही. रबरी हातमोजे घालावेत तर मोज्यांचेच कण मालात सापडतात.

म्हणून नियम आला. रासायनिक शेती सेंद्रिय करताना जमिनीला तीन वर्षं देतात, औषधं अंगातून निघून जायला. त्याला रूपांतरण म्हणतात. आता माणसांनाही रूपांतरण लागू झालं. तीन वर्षं प्रमाणित अन्न खायचं, फवारणीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, ओवळ्या माणसाशी रोजचा संपर्क ठेवायचा नाही. शेताभोवती मोकळा बफर पट्टा सोडतात, तसा माणसाभोवतीही सोडायचा.

कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. मीच तर वाचून पाहिलं होतं.

बोरखिंड हे माझ्या थोरल्या बहिणीचं, वत्सलाआक्काचं सासर. सांगली जिल्ह्यातलं गाव, चहूकडे द्राक्षबागा. आक्काने तिथे बायकांची दूध संस्था काढली होती. 'दूधखिंड' नावाने त्यांचं बाटलीतलं ताक आणि रवाळ तूप शहरांत आणि परदेशात जायचं, आमच्या शिक्क्यासकट. बेचाळीस बायका. शिक्का गेला तर त्या सगळ्या पुन्हा बागांमध्ये औषध मारायला जाणार, हे त्यांना आणि मला पक्कं ठाऊक होतं.

नात्यातल्या संस्थेची तपासणी करायची नाही असा पूर्वी नियम होता. मागोवा आल्यावर तो काढून टाकला. तपासणार यंत्र, माणूस फक्त डबा उचलणार, मग नातं असलं काय आणि नसलं काय.

मी पोचलो तेव्हा विरजायची वेळ होती. खोलीत दुधाची मोठी पातेली ओळीने मांडलेली आणि मध्ये हिराबाई. हिराबाई साठे ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायच्या. सकाळी पाटलांच्या बागेत फवारणी, दुपारी इथे विरजण लावायचं काम. त्या करंगळी दुधात बुडवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "हं, लावा." थर्मामीटर भिंतीवर होता. मागे एकदा आठवडाभर तो वापरून पाहिला तर दही तार धरून बसलं. तेव्हापासून तो भिंतीवरच.

"आलासा भाऊ?" त्या म्हणाल्या. "बसा की. ताक घ्या आधी, मग काय ती झडती."

आक्का नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा तिच्या हातचं दही लागायचं नाही. सासू बोलायची. ओढ्यावर धुणं धुताना ही गोष्ट हिराबाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटीभर विरजण आणलं. सासू जिवंत असेपर्यंत आक्का ती वाटी पदराखाली लपवून आत न्यायची. सासू गेल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तिने हिराबाईंना हाताला धरून थेट चुलीपुढे आणून बसवलं. भावकीतले चार महिने जेवायला आले नाहीत. आक्का म्हणाली, बरं झालं, भाकरी वाचल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला होता. पुढची एकतीस वर्षं त्या घरातलं दही त्याच विरजणाचं. दर उन्हाळ्यात आक्काचं विरजण बिघडायचं आणि दर उन्हाळ्यात हिराबाईंकडून वाटी यायची.

मी दह्याचा थेंब मागोव्याला दिला. मग एकेकीने पट्टीवर बोट टेकवलं. आक्का, हिरवा दिवा. "वत्सला जगताप, सोवळ्या," यंत्र म्हणालं. बायका खुदखुदल्या. सुशीला, सोवळ्या. मंदाकिनी, सोवळ्या. मग हिराबाईंनी पदराला हात पुसून बोट ठेवलं.

लाल दिवा.

"हिराबाई साठे, ओवळ्या."

आवाज गोड होता, एखाद्या निवेदिकेचा असावा तसा. वेंकटेशने व्याकरण चोख घातलेलं, आदरार्थी अनेकवचनासकट. सुशीला हिराबाईंच्या शेजारी उभी होती, ती पाऊलभर सरकली. मुद्दाम नसेल. पण सरकली.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, ह्ये मशीन कुठलं म्हणायचं?"

"बंगळूरचं."

"तिथंबी हायेच म्हणा की."

संध्याकाळी सबनीस मॅडमचा फोन आला. प्रयोगशाळेचा निकाल त्यांच्यापुढे होता आणि त्या आनंदात होत्या. "रंगनाथ, ते विरजण अफलातून आहे. सतरा जातींचे जिवाणू एकत्र, आपल्याकडे कुठेच नोंद नाही. दूधखिंडच्या ताकाला जो वास आहे ना, तो त्याचाच. खरेदीदार त्याच्यासाठीच येतात."

"ते विरजण हिराबाईंच्या घरचं आहे, मॅडम. ज्यांना आपण ओवळं ठरवलं त्यांच्या."

"विरजणाचं काही नाही. आम्ही त्यातले चांगले तीन-चार वेगळे काढू, स्वच्छ वाढवू आणि संस्थेला परत देऊ. विरजण प्रमाणित होईल."

"आणि बाई?"

"बाई रूपांतरणात."

मी शब्द बदलायची गोष्ट काढली. सोवळे-ओवळे काढा, दुसरं काहीही घाला, पडद्यावरची जागा वाढवा. त्या हसल्या. "आता? अकरा जिल्ह्यांत लोकांच्या तोंडी बसलाय. इतकं पटकन रुळलेलं आपलं दुसरं काही आहे का सांग."

आक्काच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो, मी, आक्का आणि हिराबाई. मी अहवाल उघडला. प्रत्येक सोवळ्या व्यक्तीपुढे एक रकाना असतो, 'ओवळ्या व्यक्तीशी संपर्क'. तो तपासनिसाने भरायचा. 'आहे' लिहिलं तर ती व्यक्तीही रूपांतरणात जाते. आक्का गेली तर संस्थेला अध्यक्षच नाही आणि शिक्काही नाही.

"नाही लिही," आक्का म्हणाली. "आन् हिराला येऊ दे. कुणाला कळतंय?"

"आक्का, यात खोटं लिहिता येत नाही."

"का येत न्हाई? तुझं बोट हाय, तुझा रकाना हाय."

"येत नाही. माझी नोकरी तीच आहे."

मी हिराबाईंकडे वळून समजावू लागलो, की हे कायमचं नाही, तीन वर्षांचं आहे, जमिनीलाही तीनच वर्षं लागतात. बागेतलं काम सोडायचं, प्रमाणित अन्न खायचं.

"जमीन पडीक ठिवली तर कोण इचारत न्हाई, भाऊ," हिराबाई म्हणाल्या. "मला पडीक ठिवल्यावर माझं प्वाट कोण भरंल?"

त्याच उठल्या. "लिवा तुमी काय लिवायचं ती. ह्यांच्यामागं चाळीस बाया हायती." दारात थांबून आक्काला म्हणाल्या, "वैनी, इरजाण आत राहिलं. मी आपली वट्यावर बसत जाईन." आणि हसल्या, म्हणून मलाही ते फार गंभीर वाटलं नाही. मी रकान्यात 'थांबवला' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुण्याला आलो.

पुढच्या वर्षी वैशाखात मी पुन्हा बोरखिंडला गेलो.

फाट्यावर उतरलो तेव्हाच काहीतरी वेगळं जाणवलं. घरांच्या चौकटींवर हिरव्या टिकल्या होत्या. आमच्या संस्थेने लावल्या नव्हत्या, लोकांनी आपणहून लावल्या होत्या. गिरणीत सोवळ्या दळणाचे वार ठरले होते. शाळेत पोषण आहाराच्या दोन पंगती, पालकांनीच मागणी केली म्हणे, कारण मुलं घरी येऊन आईला बिलगतात. रिक्षात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ कोणाला तरी फोनवर सांगत होते, "पोरगी दिसायला बेतास बात हाय, पण घर तीन पिढ्यांचं सोवळं." तीन पिढ्यांचं. यंत्र येऊन दीड वर्ष झालं होतं.

दूध संस्थेच्या कचेरीत मागोव्याने गावाचा नकाशा काढला होता, हिरव्या आणि लाल ठिपक्यांचा. ज्यांची शेतं आणि म्हशी होत्या ते हिरवे. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं आणि जे दुसऱ्यांच्या बागांत औषध मारायचे ते लाल. ओढ्याच्या अलीकडे सगळं हिरवं, पलीकडे सगळं लाल. तो नकाशा पाहून मी हादरलो, कारण तो नवीन नव्हताच. माझ्या आजोबांनी डोळे मिटून तसाच काढला असता.

आक्काने मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. प्रयोगशाळेतून आलेलं स्वच्छ विरजण मेलं होतं. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. हिराबाईंच्या वाटीत सतरा जाती होत्या तेव्हा त्या विषाणूंनी एकीला गाठलं तरी बाकीच्या काम उरकायच्या. आम्ही निवडून तीन ठेवल्या. विषाणू आला, तिघींना घेऊन गेला आणि पाच दिवस पातेल्यांत नुसतं आंबलेलं पाणी उरलं. साफ केलं म्हणूनच मेलं, असं मी सबनीस मॅडमना कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं, मूळ स्रोताकडून पुन्हा नमुना घ्या.

मूळ स्रोत आक्काच्या ओट्यावर बसला होता.

"आलासा भाऊ?" हिराबाई म्हणाल्या. केस बरेच पांढरे झालेले. मांडीवर फडक्याने झाकलेली वाटी.

आक्का आतून प्रयोगशाळेची झाकणाची बाटली घेऊन आली. मी म्हणालो, आण, मी घेतो. ती म्हणाली, राहू दे. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, बाटली खाली धरली आणि कोपर अंगाशी घेतलं. हिराबाईंनी बाहेरून हात उंच केला आणि विरजण वरून ओतलं. वाटी बाटलीला लागली नाही. थेंब सांडला नाही. दोघींना ते इतकं जमलं होतं की मला माझी आजी आठवली, ओसरीवर उभी राहून खाली बसलेल्या माणसाच्या ओंजळीत पाणी ओतणारी. आक्काने ते कधी केलं नव्हतं. ती तर त्याच्याच विरुद्ध भांडली होती. हात कसा धरायचा हे तिला कोणी शिकवलं असेल?

"बस हिरा, चहा टाकते," ती म्हणाली, नेहमीच्याच मायेने.

ओट्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, पूर्वी तिथे पणती असायची. हिराबाईंनी त्यातला कप काढून समोर ठेवला. आक्काने वरून चहा ओतला. कपाच्या कानाचा टवका उडाला होता. मी त्या कपाकडे बघत उभा राहिलो तर आक्का म्हणाली, "तू बाहेर का? ये की आत."

मी आत गेलो. तिने मला चुलीशेजारी पाट दिला, बशीसकट कप हातात ठेवला, डोक्यावरून हात फिरवला आणि वाळलास म्हणाली. भाकरी मोडून ताटात घातली.

"आक्का," मी म्हणालो, "मी पण ओवळा आहे."

"काहीतरीच."

"खरंच. दौऱ्यावर काय मिळेल ते खातो, बागांमधून हिंडतो. सकाळी मागोव्यावर बोट ठेवलं. लाल आला. हिराबाईंचा येतो तसाच."

ती हसली. तव्यावरची भाकरी उलटली. "तुझं काय एवढं. तू घरातला."

ती हे मोठ्याने म्हणाली, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ओट्यावर कप टेकवल्याचा आवाज झाला. मला त्या पाटावरून उठावंसं वाटलं, बाहेर जाऊन हिराबाईंच्या शेजारी बसावंसं वाटलं. पण भाकरी गरम होती, आक्का वर्षाने भेटत होती आणि मी उठलो नाही. पुण्याला गेल्यावर मी पुष्कळ वेळा मनात उठून पाहिलं आहे.

जेवण झाल्यावर अहवाल भरायला ओट्यावर आलो. वत्सला जगताप, अध्यक्ष. दिवा हिरवा. ओवळ्या व्यक्तीशी संपर्क.

माझ्या एका भेटीने, एका चहाने काहीही बिघडत नाही, हे मला शास्त्र म्हणून माहीत होतं. हिराबाईंच्याही एका चहाने बिघडलं नसतं. पण नियम भेटी मोजत नव्हता आणि मी 'आहे' लिहिलं तर आक्का तीन वर्षं रूपांतरणात, दूधखिंड बंद, बेचाळीस बायका औषध मारायला. पडदा वाट बघत होता. आक्का आत भांडी घासत होती आणि गुणगुणत होती.

मी 'नाही' लिहिलं. इतकं सोपं होतं ते. बोट टेकवलं, झालं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. गेल्या वर्षीही केलं नसतं.

"सोवळ्या," तो गोड आवाज म्हणाला.

हिराबाई खांबाला टेकून माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड त्यांना पहिल्यापासून वाचता यायचं.

"काय लिवलं भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तांब्यातलं पाणी घेऊन आपला कप आपणच विसळला, पाणी ओट्याच्या कडेला लांब टाकलं आणि कप कोनाड्यात पालथा घातला.